ज्या हातानं घाटलं

फानेसीला चटईवर बसवलं, तिथून सगळं सुरू झालं.

आमच्या काम्पान्जे गावात मयत असो नाहीतर लग्न, चटईवर कोण बसतं हे सांगावं लागत नाही. दात गेलेल्या म्हाताऱ्या, ओल्या बाळंतिणी, आणि ज्यांच्याकडून आता कुणी कशाची अपेक्षा ठेवत नाही अशी माणसं. बाकीच्या बायका कमरेला चितेंजेची कापडं घट्ट गुंडाळून चुलीपाशी उभ्या असतात, धुरानं डोळे लाल झाले तरी हटत नाहीत. फानेसी ही चुलीपाशी उभं राहणारी बाई. नुसती उभी राहणारी नव्हे, सगळ्यांच्या मधोमध उभी राहणारी. गावाचा मोठा चाटू, माणसाच्या खांद्याला लागेल एवढा लांब, तिच्याच घराच्या भिंतीला टेकलेला असायचा. कुणाकडे मयत झाली की बायका आधी फानेसीकडे येत आणि मग मयताच्या घरी जात.

मोठ्या भांड्यातला न्सिमा घाटणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. आधी मक्याच्या पिठाची पातळ पेज. ती रटरटते, अंगावर उडते, हाताला चटके देते. मग मुठीमुठीनं पीठ टाकत जायचं आणि घाटत राहायचं. हळूहळू पेज घट्ट होते, आणि शेवटी अशी होते की चाटू आत रुतून बसतो. तिथं खांदा लागतो, पाठ लागते, मांड्या लागतात. थांबलात की गुठळी झालीच. आणि गुठळी झाली की लपत नाही, कारण आमच्याकडे रीत आहे. मानाच्या पंगतीतलं कुणीतरी पहिला गोळा मोडून चाचपतं आणि मोठ्यानं म्हणतं, "ज्या हातानं घाटलं तो हात वर करा." घाटणारीनं हात वर करायचा. न्सिमा मऊसूत असेल तर बायका जिभेनं लुलुलु करून गजर करतात. गुठळी सापडली तर टोमणा ऐकायचा, आणि ऐकून होईपर्यंत हात वरच ठेवायचा. फानेसीनं आयुष्यात कितीतरी वेळा हात वर केला होता, पण टोमणा कसा असतो हे तिला ऐकूनच माहीत होतं. याचा तिला गर्व होता. तो असायलाच हवा होता, मी तर म्हणेन.

मग तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली.

त्या पावसाळ्यात शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात तिचं ऑपरेशन झालं. उजवं स्तन काढलं, काखेतलंही काय काय काढलं. पुढे औषधाच्या सुया झाल्या, केस गेले, चव गेली. हॉस्पिटलला निघायच्या दिवशी तिनं स्वतःच्या खांद्यावरून चाटू नेला आणि शेजारच्या घरात, नणंदेच्या दारात उभा केला. ही नणंद म्हणजे सितेलिया, फानेसीचा नवरा लाबानी याची बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आलेली, तोंडानं तिखट आणि हातानं दणकट. नणंद-भावजय एकमेकींना आलामू म्हणतात, आणि आलामूनं आलामूची थट्टा केली नाही तर लोक विचारतात की भांडण झालं का.

"ठेवतेय फक्त," फानेसी म्हणाली होती. "देत नाही."

"ठेवा, ठेवा. माझ्याकडे कोंबड्या हाकलायला काठी नव्हतीच," सितेलिया म्हणाली होती, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नव्हती.

फानेसी घरी परतली तेव्हा थंडी सुरू झाली होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत अंगाला चिकटल्यासारखा. डोक्याला फडकं बांधायचं म्हटलं तरी मुलीला, तियाला, हाक मारावी लागे. दोरीवर कपडे टाकायचे तर डाव्या हातानं फेकायचे. आणि अशातच गावच्या पाटलाचा भाऊ वारला.

एवढ्या मोठ्या मयताला घरी कसं बसायचं? ती गेली. तिथं बायकांनी तिला पाहिलं, आणि दोघीतिघी लगबगीनं पुढे आल्या. "या माई, इकडे या. तुम्ही बसा. तुम्ही काही करू नका." तिला दंडाला धरून चटईवर नेलं. पाठीला टेकायला गाठोडं दिलं. शेजारी बसलेल्या एका बोळक्या म्हातारीनं आपली काठी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "उठताना लागेल."

लोकांनी मायेनंच केलं सगळं. पण मायेनं केलेलंही कधीकधी असं झोंबतं की विचारू नका. फानेसी त्या काठीकडे बघत बसली. पलीकडे चुलीपाशी सितेलिया चाटू घेऊन घाटत होती, तिचा चाटू. मग धूर डोळ्यात गेला म्हणून सितेलिया चाटू भांड्यात सोडून तोंडावर पाणी मारायला वळली, आणि फानेसी उठली. काठी न घेता उठली. कुणी काही म्हणायच्या आत ती भांड्यापाशी पोचली होती, डाव्या हातानं पिठाचं सूप उचलून होतं नव्हतं तेवढं पीठ तिनं एकदम आत ओतलं आणि दोन्ही हातांनी चाटू धरला.

चार वळसे नीट बसले. पाचव्याला उजव्या काखेत काहीतरी ताणलं आणि हातातलं बळच गेलं. चाटू रुतला. ती वाकली, तरी चाटू सुटेना, सुटेना म्हणजे तीच सोडेना. शेवटी गुडघ्यावर बसली तेव्हा सितेलियानं तिला मागून कवेत घेऊन बाजूला केलं आणि चाटू हातात घेतला. पण पीठ तोवर आत जमून बसलं होतं.

मयताला पहिली पंगत कबर खोदणाऱ्यांची. त्या दिवशी त्यांना कुणाचीही थट्टा करायची मुभा असते. रडून थकलेल्या माणसांना हसवणं हेही त्यांचंच काम. त्यांचा म्होरक्या सोलोबाला. त्यानं गोळा मोडला, बोटांनी चाचपलं, आणि पेरूएवढी गुठळी काढून सगळ्यांना दाखवली.

"ज्या हातानं घाटलं तो हात वर करा."

फानेसीनं हात उचलला. म्हणजे तिनं मनातून उचलला. कोपर अंगापासून वीतभर सुटलं आणि तिथंच थांबलं. डावा वर करावा तर तो घाटणारा हात नव्हे. तेवढ्यात पलीकडून एक हात सरळ वर गेला. सितेलियाचा.

"सितेलिया," सोलोबाला म्हणाला, "हा न्सिमा आहे, की तुझ्या कोंबड्यांनी यात अंडी घातलीत?"

मांडव हसला. पाटीलसुद्धा हसला. सितेलिया हात वर ठेवून हसली. फानेसी मात्र चटईवर मान खाली घालून बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मयतात रडणाऱ्या बाईला कुणी कारण विचारत नाही, तेवढं एक बरं.

दुसऱ्या दिवशी हात सुजून भोपळा झाला. त्या हातानं ती नणंदेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माझी गुठळी तुम्ही का उचललीत?"

"तुमचा हात वर जात नव्हता," सितेलिया म्हणाली. ती शेंगदाणे निवडत होती. "कुणाचातरी जायला हवा होता."

"मला तुमची दया नको, आलामू."

"दया कुणी केली? टोमणा मी खाल्ला. आता गावभर मला अंडीवाली म्हणतात. तो टोमणा परत हवा असेल तर हात वर करून मागा."

फानेसीनं हात वर करायचा प्रयत्न केला. तिथंच, दारात, रागारागानं. नाही गेला. सितेलियानं शेंगदाण्यांवरची नजर उचलली नाही, आणि त्यासाठी फानेसीनं पुढे तिचे मनातल्या मनात आभार मानले.

हॉस्पिटलात हाताचे व्यायाम शिकवायला सिस्टर गोंडवे होत्या. फानेसीला वाटलं होतं त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत, सुजलेला हात उशीवर उंच ठेवून काखेकडून हळूहळू चोळत राहिल्या, तेच तिला जास्त लागलं.

"सिस्टर, हा हात गेला का?"

"गेला असता तर सुजला नसता. घाबरलाय तो. किती पीठ टाकलंत?"

"सूपभर."

"एकदम?"

फानेसीनं सुजलेल्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःवरच हसली, त्या दुखण्यातही. पीठ एकदम टाकलं की गुठळ्या होतात, हे तिनं गावातल्या सगळ्या नव्या सुनांना शिकवलं होतं, वेळप्रसंगी हातावर फटके मारून. आणि स्वतःच्या हाताच्या बाबतीत तिनं हेच केलं होतं.

सिस्टरांनी तिला भिंत दाखवली. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीवर टेकवायची आणि मुंगीसारखी वर चालवत न्यायची. दुखायला लागलं की तिथं दम घ्यायचा, ओढायचं नाही. हाताला चटका, काटा, खरचटणं काही लागू द्यायचं नाही, कारण त्या हाताला जखम भारी पडते. रोज चालायचं. आणि आज जमलं त्यावर उद्या चिमूटभर. "मूठभर नाही हं माई," सिस्टर म्हणाल्या. "आणि थकल्यावर थांबायचं नाही. थकायच्या आधी थांबायचं."

"आधी कसं कळणार?"

"तेच तर शिकायचंय."

घरी आल्यावर फानेसीनं जुन्या चितेंजेची एक लांब बाही शिवून घेतली, खांद्यापासून मनगटापर्यंत. मग सगळ्यात छोटं भांडं चुलीवर ठेवलं आणि पातळ पेज केली, इतकी पातळ की तळ दिसावा. त्यात छोटा चाटू फिरवला. हातानं तक्रार केली नाही. ती तिथंच थांबली, आणि ती पेज लाबानीपुढे ठेवली.

लाबानी शांत माणूस. त्यानं वाटीत पाहिलं. "मी आजारी आहे का?"

"मी आहे. तुम्ही खा."

बिचाऱ्यानं किती दिवस ती पेज प्यायली कोण जाणे. शेतावर दुपारीच पोटात कावळे कोकलायचे, पण तो एक शब्द बोलला नाही. बोलायचं काम त्याच्या बहिणीनं घेतलं होतं. सितेलिया रोज संध्याकाळी आपली वाटी घेऊन यायची, न बोलावता, आणि चुलीपाशी बसायची.

"काय आलामू, आज भांडी धुतलेलं पाणी वाढणार, की कालचंच?"

"नको असेल तर घरी जा."

"घरी काय आहे? घरी मला घट्ट मिळतं. कंटाळा येतो." आणि वाटी पुढे करून, "उद्या जरा चमचा ओला तरी होईल असं करा."

दुसऱ्या दिवशी फानेसी चिमूटभर पीठ जास्त टाकायची. सितेलिया तोंड वाकडं करून तेही प्यायची. हे सगळं ती मुद्दाम करतेय हे फानेसीला केव्हाच कळलं होतं. कळलं तरी तिनं दाखवलं नाही. आलामूचं तसंच असतं.

पेज झाली की फानेसी पीठ लागलेल्या बोटांनीच भिंतीपाशी उभी राहायची आणि बोटं वर चालवायची. मातीच्या भिंतीवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग उमटायची. पहिले ठिपके खिडकीच्या चौकटीच्या खाली होते. मग चौकटीबरोबर आले. तिया एक दिवस भिंत सारवायला निघाली तर आईनं तिच्यावर डोळे वटारले. त्या भिंतीला कुणी हात लावायचा नव्हता.

सकाळी ती चालायला जायची. आधी आंब्यापर्यंत, मग हातपंपापर्यंत, मग चर्चच्या चढापर्यंत. चढावर लोक विचारायचे, "माई, कुठं निघालात?" ती म्हणायची, "परत यायला." लोकांना वाटायचं, दुखण्यानं डोकंही गेलं की काय.

सरळ चढत गेली असती तर ही गोष्ट सांगण्यात मजा नव्हती. पुढच्या पावसाळ्यात एकदा सितेलिया तापानं पडली होती, म्हणून फानेसीनं तिच्या घरची पाण्याची बादली उजव्या हातानं उचलून आणली. पूर्ण भरलेली. संध्याकाळी हात पुन्हा सुजला, बोटं वळेनात. तोवर ती दोघांपुरता घट्ट न्सिमा घाटू लागली होती, आणि आता परत तळ दिसणारी पेज. तिनं ती लाबानीपुढे ठेवली आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

"नाही होणार माझ्यानं," ती म्हणाली. "मी चटईवरचीच झाले. तुम्हाला उगीच उपाशी मारतेय."

लाबानीनं पेज संपवली. वाटी बोटानं पुसून घेतली. "तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा सितेलिया घट्ट करून वाढायची," तो म्हणाला. "माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. ही उतरते. तुझ्या हातची आहे ना, मग पातळ तर पातळ. मी काही कुठं चाललो नाही."

त्यांच्या एवढ्या वर्षांच्या संसारात लाबानी एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. फानेसीनं तोंड फिरवून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा छोटं भांडं काढलं.

मक्याची कणसं भरायला लागली तेव्हा तियाचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, डोंगरापलीकडच्या गावातला, शाळेत शिकवणारा. बोलणी करायला मामा-काका आले, कोंबडा-कोंबडीची देवाणघेवाण झाली, सगळं रीतसर. जाता जाता मुलाची एक आत्या मात्र अंगणात सावकाश, ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मुलगी बरी आहे. आईचंच जरा... म्हणजे घरात दुखणं आहे. लग्नात वऱ्हाडाचं भांडं नणंदच घाटेल म्हणा."

आमच्याकडे वऱ्हाडाच्या पंगतीचं भांडं वधूच्या आईनं घाटायचं असतं. बाकीच्या गावाचं कुणीही घाटो, ते एक भांडं आईचं. तिची तब्येत बरी नसेल तर नणंद घाटते, कुणी नावं ठेवत नाही, फक्त हात नणंदेचा वर होतो. तियाला काही वाटलं नसतं. ती म्हणालीसुद्धा, "आई, तू सजून बस ना. लोक म्हणतील, मुलीनं आजारी आईला राबवलं."

"लोक काय म्हणतील ते मी ऐकलंय," फानेसी म्हणाली. "तुझ्या सासरी तू जाशील तेव्हा तुझ्या मागे काय सांगतील? आई चटईवर बसली होती? मी जिवंत आहे, तिया. ते सगळ्यांना दिसायला हवंय. तुलासुद्धा."

तिया आईच्या शेजारी येऊन बसली आणि तिच्या डोक्यावर नव्यानं आलेल्या बारीक केसांवरून हात फिरवत राहिली.

त्याच संध्याकाळी फानेसी नणंदेच्या दारात गेली. "माझा चाटू द्या."

"मागून मिळत नसतो," सितेलिया म्हणाली. "रविवारी माझ्याकडे चर्चच्या बायका जेवायला आहेत. माझ्या चुलीवर या, त्यांचं घाटा. गुठळी मी शोधेन. आणि मी मनापासून शोधते, आलामू. मला अंडीवाली म्हणून घेऊन वर्ष झालं."

रविवारी फानेसीनं घाटलं. घाईत नव्हे. पाय रोवून, गुडघे सैल ठेवून, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत, म्हणजे ओढ खांद्याला न बसता कमरेला बसेल. हे तिनं दीड-दोन माणसांच्या भांड्यांवर इतके महिने शिकून घेतलं होतं; पूर्वी ती नुसत्या दंडाच्या जोरावर घाटायची. सितेलियानं एकेक गोळा मोडला, बोटांनी कुस्करला, उजेडात धरला. चर्चच्या बायका भुकेनं कासावीस झाल्या तरी तिचं संपेना. शेवटी ती तोंड पाडून म्हणाली, "नाही सापडली." तिचा चेहरा असा झाला होता की कुणाला वाटावं, घरात काही हरवलंय.

तरी दोघींनी हिशेबानं ठरवलं, सिस्टर गोंडवेंना विचारूनच. गावजेवणाची मोठी पिंपं इतर बायका करतील. वऱ्हाडाच्या भांड्याची पेज सितेलिया घाटेल, आणि शेवटचं घट्ट करणं, जिथून जबाबदारी सुरू होते आणि जिथं हात वर करावा लागतो, ते फानेसीचं.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वऱ्हाड नाचत आलं. त्यांच्या मानाच्या चटईवर मधोमध मुलाची आजी बसली, आगोगो नाखोमा. काटक, डोळ्यानं तीक्ष्ण, आणि गुठळी शोधण्यात डोंगराच्या दोन्ही बाजूंना नाव काढलेली. तिच्या शेजारी ती आत्या.

पेज रटरटायला लागली. सितेलियानं चाटू काढून फानेसीपुढे धरला. "देतेय फक्त," ती म्हणाली. "ठेवत नाही."

फानेसीनं बाही मनगटापर्यंत ओढली आणि चाटू घेतला. तिया पीठ टाकायला उभी राहिली, नवरीच्या कपड्यांवर जुनं चितेंजे बांधून. "मुठीमुठीनं," आई म्हणाली, आणि तिया मुठीमुठीनं टाकत गेली. भांडं रविवारच्यापेक्षा मोठं होतं. बायकांनी गाणं धरलं. चाटू जड झाला, आणखी जड झाला, आणि निम्म्याच्या पुढे गेल्यावर फानेसीला काखेत ती जुनी ओढ जाणवली. अजून दुखत नव्हतं. दुखायच्या आधीचं होतं ते. ते आता तिला ओळखू येत होतं.

तिथं ती थांबली. सगळ्या वऱ्हाडादेखत, भर गाण्यात, तिनं चाटू सितेलियाच्या हातात दिला, दोन पावलं मागे सरकली आणि हात मोकळा सोडून दीर्घ श्वास घेतला. गाणं अडखळलं. चुलीभोवतीच्या बायकांचे चेहरे उतरले. तियाच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. मागच्या वर्षीची फानेसी मेली असती पण थांबली नसती. सितेलिया चाटू धरून नुसती उभी होती. तिनं घाटलं असतं तर भांडं तिचं झालं असतं, म्हणून तिनं एक वळसाही मारला नाही. न्सिमा फदफदत राहिला. फानेसीनं आणखी एक श्वास घेतला, खांदा फिरवून पाहिला, आणि पुढे येऊन चाटू परत घेतला. मग शेवटपर्यंत सोडला नाही.

गोळे वाढले गेले. भोपळ्याच्या पानांची शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, सरोवराचे मासे. आगोगो नाखोमानं भाजीकडे पाहिलंही नाही. तिनं गोळा मोडला, दोन बोटांत घेऊन चोळला, दुसरा तुकडा चोळला. तिसऱ्या तुकड्यापाशी तिची बोटं थांबली. तिनं ती वस्तू काढून तळहातावर ठेवली. शेंगदाण्याएवढी.

आत्या हसली.

"ज्या हातानं घाटलं," आगोगो म्हणाली, "तो हात वर करा."

सगळं काम्पान्जे सितेलियाकडे बघायला लागलं. सवयच होती तशी. सितेलियानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर घट्ट बसली.

फानेसीचा हात वर गेला. कोपर अंगापासून सुटलं, खांद्याच्या वर गेलं, दंड कानाला लागला, आणि हात सरळ झाला, बोटांच्या टोकापर्यंत. बाही घसरून खाली आली. पिठानं पांढरी झालेली बोटं मांडवाच्या छपराच्या गवताला लागली.

"गुठळी माझी आहे," ती म्हणाली. "मध्ये दम घेतला, तेव्हाची."

आगोगो नाखोमानं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. या घरात कोण आजारी होतं, काय झालं होतं, तिला सगळं माहीत होतं. म्हाताऱ्यांना माहीत असतंच. तिनं गुठळी तोंडात टाकली आणि चावायला लागली. मऊ पिठाची एवढीशी गुठळी, पण म्हातारी चावतेय, चावतेय, जणू काही मांसाचा तुकडा आहे. टोमणा मारेपर्यंत हात वर ठेवायचा ही रीत, आणि टोमण्याची तिला काही घाई नव्हती. हात वरच होता. लाबानी आंब्याखाली उभा राहून बघत होता आणि त्याचे गाल ओले झाले होते, ते त्यानं पुसलेही नाहीत.

"विहीणबाई," आगोगो शेवटी म्हणाली, "एका शेंगदाण्यासाठी मला डोंगर उतरायला लावलंत. पुढच्या वेळी चांगली मोठी करा, माझे दात गेलेत, सापडायला त्रास होतो." मग मान वळवून सुनांकडे आणि त्या आत्याकडे बघत, "आणि तुम्ही, दम घेऊन परत भांड्याशी कसं यायचं ते बघून ठेवा. तुमच्यातल्या एकीलाही येत नाही."

गजर झाला तो आधी वऱ्हाडाच्या बाजूनं झाला. मग सगळं अंगण उसळलं. तिया आईच्या कमरेला मिठी मारून हसत होती आणि रडत होती. सितेलियानं मांड्यांखालचे हात काढले आणि झिणझिण्या घालवायला झटकले.

"खाली घ्या आता आलामू," ती म्हणाली. "झाला टोमणा."

"थोडा राहू द्या," फानेसी म्हणाली, आणि हात तसाच वर ठेवून उभी राहिली.